मास्तरांच्या पायाची ट्रायल

मास्तर तीस वर्षं लोकांच्या पँटी शिवत होते आणि तीस वर्षं त्यांचा एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर राग होता. ट्रायलला आरशासमोर उभं राहून "छान, छान" म्हणायचं आणि घरी जाऊन बायकोजवळ कुरकुर करायची, असं गिऱ्हाईक. "टोचतंय तर टोचतंय म्हणा की," मास्तर करवादायचे. "मी काय मनकवडा आहे?"

मग साखरेच्या दुखण्यानं टाचेची जखम चिघळली आणि डॉक्टरांना त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दोन दिवस मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हणाले, "यापुढे माझ्या पँटीला कापड कमी लागेल." ती उठून बाहेर गेली, पोटभर रडली, आणि मग तिला हसूच आवरेना. हसत हसत चहा घेऊन आत आली.

तीन-चार महिन्यांत जखम भरली, सूज ओसरली, आणि मास्तर कुबड्या टेकत कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत पोचले. खोलीत प्लास्टरच्या बादल्या होत्या, पॉलिशचं यंत्र घरघरत होतं आणि भिंतीवरच्या खुंट्यांना अर्धेमुर्धे पाय टांगलेले होते. पाय बनवणारा तिशीतला, चष्म्यावर प्लास्टरचे शिंतोडे घेऊन वावरणारा माणूस. त्यानं कापून उरलेल्या पायाभोवती टेप गुंडाळली, तसे मास्तर अस्वस्थ झाले.

"टेप एवढी ओढायची नसते. जरा जागा ठेवा."

"मास्तर, जागा पँटला ठेवतात. इथे ठेवली तर तुम्ही घरी पोचाल आणि पाय रस्त्यातच राहील."

आपल्याला उलट उत्तर देणारा कारागीर मास्तरांना बऱ्याच दिवसांनी भेटला होता. त्यांना तो आवडला.

पंधरा दिवसांनी पाय तयार झाला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना दोन समांतर दांड्यांमध्ये उभं केलं. गोल चेहऱ्याची, मऊ आवाजात हुकूम सोडणारी बाई.

"तयार आहात ना?"

"मी तर एका पायावर तयार आहे."

"या विनोदाला इथे बंदी आहे," बाई म्हणाल्या. "आठवड्यातून पाच जण तरी करतात."

मास्तर उभे राहिले. समोरच्या आरशात दोन बूट दिसले, ते त्यांनी पुन्हा एकदा मोजले. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, वाटीच्या जरा खाली, काहीतरी बोचत होतं. पण पाय बनवणारा त्यांच्या पायाशी उकिडवा बसून, घामाघूम होऊन, मोठ्या आशेनं वर बघत होता.

"कसं वाटतंय?"

"छान," मास्तर म्हणाले. "अगदी छान."

घरी चार दिवस ते दातावर दात दाबून या खोलीतून त्या खोलीत फिरले. पाचव्या दिवशी पाय उतरवताना बायकोनं लाल चट्टा पाहिला.

"हे काय?"

"टोचतं थोडं. त्याला साधं फिटिंग जमत नाही."

"त्याला सांगितलंत?"

मास्तर छताकडे बघू लागले.

"मग तो काय मनकवडा आहे?" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत तिनं सगळं सांगून टाकलं. बाईंनी चट्टा तपासला आणि दहा दिवस पायाला सुट्टी दिली. "कातडी फुटली असती म्हणजे? चालायला एवढे उतावीळ, आणि सांगायची वेळ आली की काढता पाय घेता."

दहा दिवस मास्तरांनी कुबड्यांना शिव्या दिल्या. अकराव्या दिवशी ते खिशात शिंप्याचा निळा खडू घालून आले. उरलेल्या पायावर मोजा चढवला आणि बोचायचं तिथे नेमकी फुली मारली. "इथे. दोऱ्याच्या जाडीएवढं काढा. जास्त नको."

फुलीचा खडू नव्या पायाच्या खोबणीत उमटला तिथे त्यानं आतून घासलं, पाय चढवला, पुन्हा काढला. मास्तरांची फुली जरा सरकली. पुन्हा घासणं. असं सात वेळा.

"तुमच्यासारखं चिकट गिऱ्हाईक नाही पाहिलं," तो कपाळ पुसत म्हणाला. मास्तरांना पदक मिळाल्यासारखं झालं.

आठव्या खेपेला काही बोचलं नाही. मास्तर दांडी धरून तीन पावलं चालले. मग एक हात सोडला. मग दुसरा. बाई फाइलमध्ये काहीतरी लिहीत असल्याचं सोंग करत होत्या. "पुन्हा," त्या वर न बघताच म्हणाल्या.

दीड महिन्यानं बायकोनं दुकानाचं शटर वर केलं. मास्तर उशीचा अभ्रा घेऊन मोटरच्या मशीनवर बसले आणि सवयीनं उजवा बूट पॅडलवर ठेवला. नव्या पायाला दाब किती पडतोय ते कळेना. मशीन उधळली आणि उशीच्या अभ्र्यासकट मास्तरांची बाही शिवली गेली. बायकोनं हसू दाबत ती टीप उसवली आणि पॅडल डावीकडे सरकवलं. डावा पाय तीस वर्षं नुसता शेजारी बसून होता, त्याला काहीच येत नव्हतं. त्याला शिकवता शिकवता दुपार टळली, तेव्हा कुठे एक टीप सरळ आली.

घरी निघाले तर बायको भराभरा पुढे.

"जरा हळू."

"तीस वर्षं मी तुमच्यामागे पळत आले, तेव्हा कधी झालात हळू?"

पण तिनं चाल कमी केली. ते मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी वाढवली. कोपऱ्यावर तिला मागून ओरडावं लागलं, "अहो, घाई कसली आहे?"