नऊ दिवसांचं सेशन

नणंद-भावजय एकाच कचेरीत, तेही एकाच खोलीत काम करतात म्हटल्यावर लोकांना गंमत वाटायची. त्या खोलीत बसणाऱ्यांना वाटत नसे. कचेरी पाणीपुरवठ्याची. नणंद संगणक कक्षाची प्रमुख. सगळी यंत्रं, सगळे पासवर्ड तिच्या ताब्यात, म्हणून पाठीमागे तिला 'कुलूप' म्हणत. भावजय गणिती. नळांमधल्या दाबाच्या आकड्यांवरून जमिनीखाली पाणी कुठं गळतंय ते शोधायचं, हे तिचं काम.

गेल्या वर्षी भावजयीनं फाइलमध्ये लिहून ठेवलेली पद्धत कुलपानं उघडून वाचली आणि अहवालात स्वतःच्या नावावर खपवली. भावजयीनं नवऱ्याकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, घरातलीच आहे, सोडून दे. तिनं सोडलं ते फाइलमध्ये लिहिणं.

तेव्हापासून ती सगळं काम चालू सेशनमध्येच करायची. एक ओळ टाइप केली की यंत्र तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. छोटी छोटी फंक्शन्स, म्हणजे नाव दिलेली गणितं, रचायची, त्यांच्यावर आणखी रचायची. सगळं यंत्राच्या मेमरीत. तिच्या फोल्डरात कुणी डोकावलंच तर हाती काही लागू नये. या खेपेला नऊ दिवस तिनं सेशन बंद केलं नव्हतं. आठव्या दिवशी उत्तर आलं: गळती रुग्णालयासमोरच्या रस्त्याखाली. मुख्य अभियंत्यांनी सोमवारी खोदायचं ठरवलं. रुग्णालयाचं पाणी दोन दिवस बंद राहणार होतं, म्हणून त्यांना आधी सगळी पद्धत लेखी हवी होती.

शुक्रवारी ती जेवून आली, तेव्हा यंत्र नुकतंच चालू होत होतं. पडदा कोरा.

कुलूप शेजारीच उभं होतं. बॅटरी बदलायची होती, सकाळीच फलकावर लिहिलं होतं, असं तिनं शांतपणे सांगितलं. बंद करायच्या आधी सेशन सेव्हही केलं होतं म्हणे. भावजयीनं ती सेव्ह केलेली फाइल उघडली. आकडे होते, याद्या होत्या. फंक्शन एकही नव्हतं. उत्तरं राहिली होती, ती काढायची रीत गेली होती.

"ताई, अशा सेव्हमध्ये फंक्शन्स येत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं. तुलाही होतं. तरी तू फाइल केली नाहीस."

"का केली नाही, तेही तुम्हाला माहीत आहे."

बाजूच्या टेबलावरच्या दोन्ही कारकुनांनी माना खाली घातल्या. कुलपानं खणातून कागदांचा एक गठ्ठा काढला आणि तिच्या कीबोर्डवर टाकला. नऊ दिवसांत तिनं टाइप केलेली प्रत्येक ओळ त्यात क्रमानं छापलेली होती. यंत्र ही यादी आपोआप ठेवतं, पण ती उघडायचा पासवर्ड कुलपाकडेच.

"मी रोज वाचत होते," कुलूप म्हणालं. "घे आता."

 गठ्ठा तिथंच फाडावा असं भावजयीला वाटलं. पण सोमवारपर्यंत मधे दोनच दिवस होते. ती बसली आणि या वेळी फाइल उघडून लिहू लागली. एखादं फंक्शन कागदावर दोनदा आलं की ती जुनं गाळायची, सुधारलेलं तेवढं घ्यायची.

शनिवारी दुपारी उत्तर आलं, ते वेगळं. गळती गोदामामागच्या गल्लीत.

आधी तिला वाटलं, नणंदेनं कागदांत काही फिरवलंय. एकेक ओळ सेव्ह झालेल्या आकड्यांशी ताडून पाहिली. कागद चोख होते. चूक तिची स्वतःची निघाली. गंजलेल्या नळांच्या घर्षणाचं फंक्शन तिनं तिसऱ्या दिवशी सुधारलं होतं. पण यंत्राच्या या भाषेत तेच नाव नव्यानं दिलं, तरी आधी रचलेली फंक्शन्स जुन्यालाच धरून राहतात. तिनं ती पुन्हा रचलीच नव्हती; आता फाइलमध्ये जुनं गाळलं, तेव्हा कुठं ती सगळी सुधारलेल्यावर उभी राहिली. इतके दिवस सेशन चालू ठेवल्यावर काय कशाच्या आधी लिहिलं, हे तिच्या ध्यानातून निसटलं होतं.

ती खालच्या मजल्यावर गेली आणि मुख्य अभियंत्यांना सरळ सांगितलं, रुग्णालयासमोर खोदू नका, माझं चुकलं. कुलूपही मागोमाग आलं होतं. बरं झालं मी यंत्र बंद केलं, असं ते म्हणालंच. भावजय तिच्याकडे न बघता म्हणाली, "साहेब, चूक माझ्या नावावर लिहा. पद्धतही माझ्याच नावावर लिहा. आणि ताई माझं टाइप केलेलं रोज वाचत होत्या, हेही लिहा." साहेबांनी पहिल्या दोन गोष्टी लिहून घेतल्या. तिसरीपाशी त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

सोमवारी गोदामामागं खोदलं, तर कमरेइतक्या खड्ड्यातच सांधा फुटलेला सापडला. त्याच संध्याकाळी जेवताना नणंदेनं हा किस्सा भावाला रंगवून सांगितला आणि तो हसला. भावजय भरल्या ताटावरून उठली.

मंगळवारी तिनं दुसऱ्या खोलीसाठी अर्ज दिला. पंपाशेजारची खोली होती, दिवसभर घरघर चालायची. नियमाप्रमाणे अर्जावर कक्षप्रमुखाची सही लागे. नणंदेनं तो वाचलासुद्धा नाही. सही केली, शिक्का मारला आणि पासवर्डांच्या वहीतून भावजयीचं नाव तिच्यादेखत खोडलं.