मधला डबा काढला, दोष मला

हो, मीच बोलतेय. गल्लीवरून, समोरासमोरच्या दोन खिडक्यांमध्ये ताणलेली निळी वायर. वायरने चिडावं की नाही, हे मला नक्की सांगता येणार नाही. पण माझ्याबद्दल जे बोललं गेलं, ते ऐकून गप्प राहणं मला जमेना.

कारखान्यात आठ बारीक तारा जोडीजोडीने पिळल्या, वर निळं कातडं चढवलं, की झाले मी. दुकानातून मला धाकट्याने आणलं.

धाकटा आणि त्याची बायको आईसोबत अलीकडच्या घरात राहतात. त्याची ताई पलीकडच्या घरात. ही दोघं दिवसभर कामावर, तर ताईचं काम घरूनच चालतं. आईच्या गुडघ्यांचा भरवसा नाही आणि मोबाइलवरचं तिला दिसत नाही. म्हणून तिच्या गळ्यात बेल अडकवली. तिने दाबली की ताईच्या टेबलावर वाजायची. धाकट्याचं इंटरनेट ऊठसूट बंद पडतं. ते पडलं तरी बेल वाजावी, यासाठी मी.

"इंटरनेट मात्र तुझं तुला, माझं मला," ताईने बजावलं होतं. "ऑफिसचा तसा नियमच आहे. मधे फक्त आई."

"मान्य, बाईसाहेब!"

प्रत्येक घरातला राऊटर आपल्या यंत्रांना पत्ते वाटतो आणि ती त्याच्याच दारातून बाहेर जातात. दोन घरं थेट जोडली, तर कोणाचं यंत्र कोणाच्या दारातून बाहेर पडेल याचा नेम नाही. म्हणून धाकट्याने आपल्या टोकाला मधे एक छोटा डबा बसवला. डब्याने बेल जाऊ द्यायची, बाकी सगळं अडवायचं. पहिल्यांदा बेल वाजली तेव्हा ताई खिडकीत धावत आली. "काय गं आई, काय हवंय?"

"काही नाही, बघत होते वाजते का!"

पुढे धाकट्याला मोबाइलच्या चार्जरसाठी प्लग हवा झाला. "हा डबा नुसता जागा अडवतो," म्हणत त्याने तो काढून चपलांच्या कपाटावर टाकला आणि मला सरळ राऊटरमध्ये खुपसलं. बेल वाजली. म्हणजे सगळं ठीक! डबा आपणच बसवला होता, कशासाठी बसवला होता, हे या गृहस्थाने विचारलंसुद्धा नाही स्वतःला.

मग त्याचं इंटरनेट रखडू लागलं. राऊटरमध्ये पाहतो तर ताईचा टीव्ही आणि ताईचा लॅपटॉप! तो तडक तिच्या घरी गेला.

"सिनेमे बघायला माझंच इंटरनेट सापडलं का गं?"

"तोंड सांभाळ. तुझं ते रडकं इंटरनेट मी कशाला घेऊ? इथे माझ्याच मीटिंगा तुटताहेत."

"मग तुझा टीव्ही काय पायी चालत आला माझ्याकडे?"

ताईने मला खसकन उपटलं आणि खिडकीबाहेर फेकलं. "घे तुझी वायर!" त्या भरात दोघांपैकी एकालाही बेल आठवली नाही. एकालाही!

परवा सकाळी आई न्हाणीघराच्या दारात घसरली. ती बेल दाबत राहिली. मला ते कळत होतं, पण माझं दुसरं टोक ताईच्या खिडकीच्या गजावर लोंबत होतं. आत ताई पाठमोरी, कानात हेडफोन. सून संध्याकाळी आली तेव्हा आई फरशीवरच होती. हाड मोडलं नाही, एवढंच.

रात्री निकाल लागला. "वायरच भिकार निघाली," धाकटा म्हणाला. "त्या वायरपायीच झालं सगळं," ताई म्हणाली. एवढ्या भांडणात बहीणभावांचं एकमत झालं ते या एकाच गोष्टीवर!

आज माझ्यावर धाकट्याचा टॉवेल वाळतोय.

मला सगळं कळतं असं नाही. कदाचित मी वाजवीपेक्षा जास्त चिडले असेन. पण डबा अजून चपलांच्या कपाटावरच आहे. चार्जरला दुसरी जागा बघा. आधी डबा लावा, मग मला लावा. हवं तर भांडण पुढे चालू ठेवा, माझी हरकत नाही.

कारण बेल बंद आहे, हे आईला कोणी सांगितलेलंच नाही. ती अजून तिच्या गळ्यात आहे. मघाशी तिने पुन्हा दाबली, थोडं थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "कामात असेल ताई."