खंडेनवमीची फ्लॉपी

डोंबिवलीजवळ मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत बाळकाका दामल्यांचा कापडाचे रंग बनवायचा कारखाना होता, आणि बाळकाकांचे काही हट्ट होते. त्यातला एक खंडेनवमीचा. यंत्रं पुजायची, पण रिकामी नाही. प्रत्येक टाकीत मूठभर रंग हवा, तराजूच्या पारड्यात सुपारी हवी, हातगाडीवरसुद्धा एक गोणी हवी. का, असं विचारायची सोय नव्हती. वडिलांपासून चालत आलेलं होतं, बस्स.

ब्याण्णव सालच्या नवमीला पहिल्यांदाच कॉम्प्युटरची पाळी आली आणि रतन विचारात पडली. रतन कारखान्याची ऑपरेटर. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, आई आवडाबाई डोंबिवलीच्या बाजारात मासे विकायची. मुलगी कल्याणच्या क्लासात कॉम्प्युटर शिकली आणि इथे लागली. दोनशे चाळीस रंगांच्या कृती, कुठली पूड किती आणि तापवायची किती वेळ, हे सगळं तिने एकटीने त्या मशीनमध्ये भरलं होतं. पण कृती काही डोळ्यांना दिसत नाहीत, दिसते ती फ्लॉपीची रिकामी खाच; ती तशी कशी पुजायची? तिने पर्समधून क्लासातली जुनी फ्लॉपी काढली. तिच्यावरच ती सगळं शिकली होती, तेव्हा पूजेचा मान तिचाच, असा हिशोब. फ्लॉपी आत सरकवली, वर हळद-कुंकू वाहिलं. बाळकाका खूश झाले.

दसऱ्याची सुट्टी संपवून तिने मशीन सुरू केलं, तर ते त्या फ्लॉपीपाशीच अडलं. राहिलीच की ही, असं पुटपुटत तिने फ्लॉपी काढून पर्समध्ये टाकली, बटण दाबलं, मशीन चालू झालं. एवढ्यानेही काही बिघडतं हे तेव्हा अख्ख्या डोंबिवलीत किती जणांना ठाऊक होतं? ती बिचारी निवांत कामाला लागली.

दिवाळीनंतर कृती बिघडू लागल्या. तांबड्याच्या कृतीत मधेच चौकोन आणि बदाम उमटले, मोरपंखीची कृती उघडेचना. धुळीचा संशय येऊन बाळकाकांनी मशीनवरचं झाकण नवं आणलं, चपला दाराबाहेर काढायला लावल्या, तरी रोज दोन-तीन कृती जायच्याच. शेवटी कल्याणच्या क्लासातल्या सरांना बोलावलं. त्यांनी तपासून सांगितलं की हा व्हायरस आहे. मशीनमध्ये आहे आणि कारखान्यातल्या एकूण एक फ्लॉपीवरही आहे.

मग आला कुठून? सगळ्यांची बोटं गुणाजीकडे वळली. गुणाजी फिरतीवरचा विक्रेता, तोंडाने अघळपघळ, घरी दोन लहान मुली. रंगांची यादी घेऊन गिऱ्हाइकांकडे जाणारी फ्लॉपी एकट्या त्याचीच. बाळकाकांनी त्याला सांगून टाकलं की सोमवारपासून येऊ नकोस. गुणाजी, जो एरवी कुणाला बोलू द्यायचा नाही, तो नमुन्यांची बॅग टेबलावर ठेवून निघाला. रतनला ते बघवेना.

जाता जाता सरांनी सहज विचारलं, फ्लॉपी आत ठेवून मशीन कधी सुरू केलं होतं का? हा व्हायरस तसाच शिरतो. रतनला नवमीची फ्लॉपी आठवली. तिने पर्स जवळ ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार. पर्समधली ती फ्लॉपी घेऊन तिने कल्याणचा क्लास गाठला. सरांनी ती तपासली आणि तिच्याकडे पाहिलं. दसऱ्यानंतर ती फ्लॉपी कुठल्याच मशीनला लागली नव्हती, म्हणजे रोग तिच्यावर आधीपासूनच होता. क्लासातूनच आला होता. सरांचा चेहराही उतरला. सफाईची फ्लॉपी तिच्या हातात देत ते म्हणाले की सांगायचं की नाही, ते तूच ठरव.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. आपण गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही, हेही सांगितलं. नोकरी गेली तर पुन्हा कॉम्प्युटरला हात लावायला कोण देणार, हे सांगताना ती रडली. आवडाबाई माशांची पाटी धुवत होती.

"गिराईक कल्ले उघडून बघल त्याच्या आदी मीच सांगतंय, बाय, यो कालचा हाय," ती म्हणाली. "म्हनून तं ती लोकां माज्याच पाटीवर येतान."

सोमवारी रतन सरळ बाळकाकांच्या खोलीत गेली. गुणाजी आपला हिशेब आवरायला आलेला, तोही तिथेच होता.

"काका, गुणाजीची काही चूक नाही. व्हायरस माझ्या फ्लॉपीतून आला. पूजेला मशीन रिकामं नको म्हणून मी आत ठेवलेली."

बाळकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"रिकामं नको हा हट्ट माझा," ते शेवटी म्हणाले. "पण ते खोकं आता नको. बांधून ठेवा. आपली वही बरी."

म्हणजे नोकरी गेल्यातच जमा. रतनने आठ दिवस मागितले. भरताना प्रत्येक कृतीचा कागद तिने छापून फाइलला लावला होता. मशीन धुऊन पुसून सगळं पुन्हा भरते म्हणाली. बाळकाका हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. रतनने त्याचा अर्थ हो असा घेतला.

सरांनी शिकवल्याप्रमाणे तिने मशीन साफ केलं आणि प्रत्येक फ्लॉपी तपासली. मग गुणाजी कागद वाचायचा आणि ती टाइप करायची. त्याला जायला कुणी पुन्हा सांगितलं नव्हतं, म्हणून तो गेलाच नव्हता. मोरपंखीच्या वेळी त्याने वजन चुकीचं वाचलं, ते टाकीवरच्या माणसाने खिडकीतून ओरडून सुधारलं. आठव्या दिवशी दोनशे चाळीसावी कृती भरून झाली आणि टाकीत उतरलेला तांबडा नमुन्याला तंतोतंत जुळला.

नवव्या दिवशी ती कामावर आली तर खोलीच्या दारावर ताजी रंगवलेली पाटी होती. अक्षरं पेंटरची, शब्द बाळकाकांचे: 'रतनने तपासल्याशिवाय कोणतीही फ्लॉपी आत नेऊ नये.' आणि खाली, नंतर सुचल्यासारखं, बारीक अक्षरात: 'मालकांचीसुद्धा.'

तिने ती दोनदा वाचली. तेवढ्यात मागून बाळकाका आले, हातात कुठल्याशा गिऱ्हाइकाची फ्लॉपी. सवयीने आत शिरू लागले. रतनने हात पुढे केला. त्यांनी मुकाट्याने फ्लॉपी तिच्या हातावर ठेवली आणि बाहेरच्या स्टुलावर जाऊन बसले.