हवा काढायची सवय

बस डेपोत तीस वर्षं मी ब्रेकचं काम केलं. ब्रेकच्या नळीत हवा राहिली की पेडल कितीही दाबा, गाडी थांबत नाही. आधी हवा काढायची, ही माझ्या हाताची सवय.

माझ्या बायकोला पोटाचा कॅन्सर होता. त्याने रक्त घट्ट झालं आणि हृदयाच्या झडपेवर गुठळ्या धरल्या. डॉक्टर म्हणाले, "यातली एखादी सुटून मेंदूत गेली तर अवघड आहे. गोळ्यांचा इथे भरवसा नाही, रक्त पातळ करायची इंजेक्शनंच हवीत. सकाळी आठ, संध्याकाळी आठ."

टोचायचं कसं ते नर्सबाईंनी मला शिकवलं. सिरिंज भरलेलीच येते. बेंबीपासून चार बोटं लांब, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. "काका, आत बुडबुडा दिसेल. तो काढायचा नाही हं."

मी मान हलवली. घरी आलो आणि पहिल्याच वेळी सुई वर धरून टिचकी मारली, बुडबुडा घालवला. त्याच्यामागून औषधाचा एक थेंब आला आणि फरशीवर पडला. पुढे रोज तसंच.

ही हसायची. "अहो मिस्त्री, मी काय तुमची बस आहे?"

"गप पड. हलू नकोस."

"निघाली का हवा?"

"निघाली."

विसाव्या दिवशी सकाळी मी चहा आणला. कपाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "खिडकी द्या." मला वाटलं, थट्टा करतेय. मी हसलो. ती मात्र पुन्हा तेच म्हणाली, आणि तिचा ओठ एका बाजूला ओघळला.

चार दिवसांनी ती गेली.

उरलेल्या सिरिंजा परत द्यायला गेलो तेव्हा मी नर्सबाईंना सगळं सांगितलं. एक सिरिंज घेऊन करूनही दाखवलं. थेंब टेबलावर पडला. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, एका थेंबाने काही होत नाही. पूर्ण औषध जाऊनही गुठळी सुटते. आजारच तसा."

खरं असेल. पण बोलायच्या आधी त्या थांबल्या होत्या.

मोबाइलमधला आठचा गजर मी बंद केलेला नाही. तो वाजला की हात धुतो आणि पलंगाच्या कडेला, माझ्या नेहमीच्या जागी बसतो. मग तिचा आवाज येतो, अगदी रोजचा.

"निघाली का हवा?"

तेव्हा चटकन सांगायचो. आता तोंडच उघडत नाही.