बायकोच्या नावचा बोअर

नंदीश पुण्यातली पाइप कंपनीची नोकरी सोडून नळदुर्गजवळच्या आपल्या गावी परतला, तेव्हा गावानं त्याला सरळ वेड्यात काढलं. इंजिनिअर झालेला पोरगा, आणि आटलेले बोअर जिवंत करायची कंपनी काढतो म्हणे! नफा थोडा घ्यायचा आणि पाणी सगळ्यांना पुरवायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. माणूस चांगला होता, एवढाच त्याच्यात दोष.

काम तसं सोपं. ओढ्याचं पाणी खड्ड्यात घ्यायचं, वाळू-खडीतून गाळायचं आणि जमिनीच्या पोटात सोडायचं. पण खड्ड्याला योग्य जागा निघाली ती नेमकी दगडोबाच्या रानात, त्याच्या सगळ्यात काळ्याभोर तुकड्यात. दगडोबाची बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. दोन म्हशी आणि एक बोअर, तोही उन्हाळ्यात दम टाकणारा. "माझा बोअर बारमाही चालंल न्हवं?" एवढंच त्यानं विचारलं. नंदीशनं शब्द दिला.

हा शब्द खरा व्हायचा तर शिवारात कुणी नवा बोअर घेऊन चालणार नव्हतं. कागदावरच्या सह्यांना आमच्याकडे कुत्रं विचारत नाही. म्हणून नंदीशनं गावातल्या सगळ्या गडीमाणसांना महादेवाच्या देवळात नेलं. नवा बोअर घेणार नाही, अशी शपथ घेत एकेकानं बेलभंडार उचलला. दगडोबानं उचलला तो खड्डा कधी बुजू देणार नाही म्हणून. वर्षभरात बोअरना पाणी चढलं. दगडोबा मोटर सुरू करून धारेखाली हात धरायचा आणि एकटाच हसायचा.

मग गावात नवल घडलं. एकेक गडी तलाठ्याकडे जाऊन जमीन बायकोच्या नावावर करू लागला. नंदीश हरखून गेला. पाण्यामागोमाग बायकांचा हक्कही आला, असं तो भाषणांत सांगू लागला, टाळ्याही घेऊ लागला. ज्या गावात बायकोला विचारून कुणी शेळीसुद्धा विकत नाही, तिथं एकाएकी हा पुळका कशाचा, हे त्या शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही.

उन्हाळ्यात बोअरच्या गाड्या आल्या. पहिली गाडी उभी राहिली नंदीशच्याच रानात. तो धावत गेला, तर वडील गुंडप्पा शेजारी खुर्ची टाकून बसलेले.

"आप्पा, तुम्ही बेलभंडार उचलला होता!"

"व्हय, म्या उचलला," गुंडप्पा म्हणाले. "तुझ्या अव्वानं कुठं उचललाय? जमीन तिची, बोअर तिचा. देवाला समदं कळतंय."

नंदीशनं आईचे पाय धरले. इरम्मानं ते सोडवून घेतले. "जलमभर डोक्यावर घागरी वाहिल्या. आत्ता कुठं पाणी माझ्या नावावर झालंय. आन् तूच बंद कर म्हणतोस?" बाई खोटं बोलत नव्हती.

बायकांचे बोअर खोल गेले आणि दगडोबाच्या पाइपातून नुसती हवा येऊ लागली. म्हशी बाजारात गेल्या. पावसाळ्यात खड्डा तेवढा भरला. त्यातलं पाणी खाली मुरलं आणि गावाच्या उसाला मिळालं.

पाऊस सरल्यावर नंदीश जेसीबी घेऊन दगडोबाच्या बांधावर आला. काय भानगड आहे ते बघायला गुंडप्पांसह निम्मं गाव मागोमाग आलं. दगडोबा खड्ड्यात उतरून गाळ काढत होता.

"काका, मी तुम्हाला फसवलं," नंदीश म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं. "हा खड्डा आज बुजवून देतो. निदान ज्वारी तरी होईल तुम्हाला."

दगडोबानं मान हलवली. "न्हाय बाबा. म्या बेलभंडार उचललाय. माझी म्हातारी असती, तर तिच्या नावावर करून बुजवला असता."

बांधावर खसखस पिकली. गुंडप्पा तर पोट धरून हसले. दगडोबा पुन्हा गाळ उपसायला वाकला.