पुट्टी आणि अर्धी गोळी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. पण वाण्याच्या दुकानातला नव्हे. माझ्या अंगावर साखर-डाळ कधी सांडली नाही. लोखंडी बैठक, पांढरा मुलामा, कडांना वर वळलेलं पारडं, आणि समोर आकड्यांची दांडी. त्या दांडीवर पुढेमागे सरकणारं पितळी वजन. मला घडवलं ते तान्ह्या बाळांसाठी. एका प्रसूतिगृहात मी अकरा वर्षं काम केलं. परिचारिका पारड्यात मऊ दुपटं घालायची, त्यावर बाळ ठेवायची आणि दांडी सरळ झाली की आकडा मोठ्याने सांगायची. तो ऐकायला दाराबाहेर आज्या, आत्या आणि मामा कान लावून उभे असत. मी मनातून फुलून जाई.

पुढे ते प्रसूतिगृह बंद पडलं. खाटा गेल्या, पाळणे गेले आणि जुन्या सामानाच्या ढिगातून मला उचललं एका तरुण बाईंनी. त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या. गल्लीच्या टोकाला त्यांनी नवा दवाखाना थाटला होता. माझा तिथला पहिला पेशंट म्हणजे एक थरथरणारं कुत्र्याचं पिल्लू. ते माझ्या पारड्यात बसलं आणि घाबरून तिथेच ओलं करून मोकळं झालं. खोटं कशाला बोलू, मला फार अपमान वाटला. डॉक्टरताईंनी मला गरम पाण्याने स्वतः पुसलं. ‘‘सवय करून घे रे बाबा,’’ त्या हसत म्हणाल्या.

आणि मला सवय झाली. पिल्लांना जंताचं औषध, मांजरांच्या कानातली खाज, गोचीड, पिसवा, बिघडलेली पोटं, रेबीजची लस, सगळं माझ्यासमोर चाले. डॉक्टरताईंचं एकच म्हणणं असायचं, ‘‘अंदाजपंचे काही नाही. आधी वजन, मग औषध.’’ मुकं जनावर कुठे दुखतं ते सांगत नाही, पण त्याचं वजन मला सांगता येई. एक आजी आपलं गोलमटोल कुत्रं घेऊन यायच्या. ‘‘हा काही खातच नाही हो!’’ अशी त्यांची तक्रार. माझी दांडी वर उसळली की डॉक्टरताई विचारत, ‘‘मग आजी, हे काय नुसती हवा आहे?’’ तेव्हा शेजारी बसलेले आजोबा खिडकीबाहेर बघू लागत. बिस्किटं कोण चारतं, ते सगळ्यांना आपोआप कळे.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती पुट्टी.

पुट्टी ही पेंटरकाकांची मांजर. पेंटरकाका दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांची बोटं कायम कुठल्या ना कुठल्या रंगात बुडालेली असत. मांजर पाळली होती काकूंनी, नाव ठेवलं होतं काकांनी. ‘‘भिंतीला लावायच्या पुट्टीसारखा रंग आहे हिचा, आणि तशीच जाईल तिथे चिकटते,’’ असं ते कुरकुरत सांगत. आपलं मांजराशी काही देणंघेणं नाही, असा त्यांचा आव असे. पण लस द्यायला आणलं की पुट्टी काकांच्याच सदऱ्यात तोंड खुपसून बसे, आणि काकांचा हात नकळत तिच्या पाठीवरून फिरत राही.

एका दुपारी दवाखान्याचं दार धाडकन उघडलं. काकूंच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली पुट्टी होती आणि मागे काका. पुट्टीचा चेहरा सुजला होता, पंजे फुगले होते. ती तोंड उघडून श्वास घेत होती.

‘‘काल जरा अंग गरम होतं, जेवली नव्हती,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आज सकाळपासून हे असं. डॉक्टरताई, बघा ना काहीतरी!’’

डॉक्टरताईंनी तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या मातकट, चॉकलेटी झाल्या होत्या.

‘‘काही खाऊ घातलं? एखादं औषध?’’

‘‘छे हो! आम्ही काहीच नाही दिलं. शपथ घेऊन सांगते.’’

‘‘नीट आठवा, काकू. काय पोटात गेलंय ते कळलं, तरच मला नेमकं औषध देता येईल. आणि वेळ फार नाही.’’

काकू रडू लागल्या. काका भिंतीकडे बघत उभे होते. मग ते इतक्या हळू बोलले की मलाही नीट ऐकू आलं नाही.

‘‘काय म्हणालात, काका?’’

‘‘मी दिली,’’ ते म्हणाले. ‘‘तापाची गोळी. आपण घेतो ती. पहाटे पुट्टी कण्हत होती. हिची झोप मोडायला नको म्हणून न विचारताच अर्धी दिली, दुधात चुरून. मला वाटलं, बाळांनासुद्धा देतात ताप आला की...’’

काकू रडायच्या थांबल्या आणि नवऱ्याकडे बघतच राहिल्या. ‘‘अहो! म्हणजे तुम्ही...’’

‘‘काकू, ते नंतर,’’ डॉक्टरताईंनी पुट्टीला अलगद माझ्या पारड्यात ठेवलं. ‘‘काका, सांगितलंत ते फार बरं केलंत. तापाची ती गोळी माणसाला चालते, मांजराला विष ठरते. अर्धीसुद्धा. पण त्यावर उतारा आहे.’’

मित्रांनो, मी हजारो जिवांचं ओझं पेललं, पण त्या दिवशीइतका मी कधी घाबरलो नव्हतो. उताऱ्याचं औषध तिच्या वजनावरून मोजून द्यायचं होतं. पुट्टी धापा टाकत होती, दांडी थरथरत होती. डॉक्टरताईंचं बोट पितळी वजनावर होतं. सरळ हो, मी स्वतःला बजावत होतो, आता सरळ हो. दांडी एकदाची स्थिरावली.

‘‘तीन किलो चारशे.’’

मग धावपळ झाली. नाकाशी प्राणवायूची नळी, पायात सुई, ठरावीक वेळाने औषध. काका-काकू बाकावर एकमेकांपासून दोन हात अंतर ठेवून बसले होते. काका एकदाच बोलले, ‘‘अगं, मला वाटलं तिला बरं वाटेल.’’ दिवे लागायच्या सुमारास काकू सरकून त्यांच्याजवळ बसल्या.

तीन दिवस पुट्टी दवाखान्यात राहिली. तिसऱ्या दिवशी तिच्या हिरड्या पुन्हा गुलाबी दिसल्या, आणि तिने डॉक्टरताईंच्या हातावर सपकन ओरखडा काढला. ‘‘झाली बरी!’’ असं म्हणत त्या हाताला आयोडीन लावत हसल्या.

पुढच्या आठवड्यात काका ब्रश आणि डबे घेऊन आले. कोणालाही न विचारता त्यांनी बाकासमोरची भिंत घासली आणि सबंध दिवस खपून ठसठशीत निळ्या अक्षरांत लिहिलं : ‘माझ्या मांजरीला मी माणसांची अर्धी गोळी दिली होती. ती मरता मरता वाचली. तुम्ही देऊ नका. आधी विचारा.’ खाली आपलं नावही घातलं. डॉक्टरताई म्हणाल्या, ‘‘काका, नाव कशाला?’’ काका म्हणाले, ‘‘नुसत्या सूचना कोण वाचतं? माणूस चुकला म्हटलं की वाचतात.’’ आणि खरंच, बाकावर बसलेला प्रत्येक जण ते वाची. कुणी वाचून खिशातली गोळी काढून दाखवी, ‘‘ही देणार होतो हो मी!’’

वर्षं सरली. काकू गेल्या. काका एकटेच पुट्टीला आणू लागले. ती चौदा वर्षांची झाली तेव्हा मीच पहिल्यांदा सांगितलं की काहीतरी बिनसलंय. घरी कुणाच्या डोळ्यांत भरलं नव्हतं, पण चार महिन्यांत दांडीवरचा आकडा तीनशे ग्रॅम खाली आला होता. ‘‘पाणी जास्त पिते का?’’ डॉक्टरताईंनी विचारलं. तपासणीत मूत्रपिंडं थकल्याचं निघालं. वेगळा आहार आला, गोळ्या आल्या, कातडीखाली सलाईन द्यायला काका स्वतः शिकले. लवकर कळलं म्हणून तिला आणखी दोन वर्षं मिळाली. ती दोन वर्षं काकांनाही मिळाली, असं मला वाटतं.

एव्हाना दवाखान्यात लाल आकड्यांचा विजेचा काटा आला होता. मी फडताळावर चढलो. मुलाम्याचे टवके उडाले, पितळ काळवंडलं. महिनोन्‌महिने मला कुणी हातही लावत नसे. रुसायचा मला हक्क नव्हता. तो नवा काटा माझ्याहून अचूक आहे.

पुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी वरूनच सगळं पाहिलं. वजन करायची गरजच उरली नव्हती. काकांनी तिला सदऱ्याशी धरलं होतं. डॉक्टरताईंचे केस आता पिकले होते. कायमचं झोपवायची सुई भरून त्यांनी हळूच विचारलं, ‘‘तयार आहात, काका?’’ काका म्हणाले, ‘‘मी नाही. पण ती आहे.’’ मग त्यांनी तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं. ते माझ्यापर्यंत पोहोचलं नाही, आणि ते बरंच झालं. ते तिच्यासाठी होतं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं मांजर किंवा कुत्रं असेल, तर आज त्याला उचलून बघा. मागच्या महिन्यापेक्षा हलकं लागतंय का? जेवणाची वाटी तशीच राहते का? त्याच्या अंगाला रोज हात लागू द्या, म्हणजे बदल हाताला कळेल. आपल्या कपाटातलं औषध त्याला देऊ नका. कुत्र्याचं मांजरालाही नको. आणि कधी चूक झालीच, तर लाजू नका. दवाखान्यात पोहोचताच पहिलं वाक्य खरं बोला.