माझं कडकट्ट गेलं त्याची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना साउंडर आहे, तारा ऐकवणारं यंत्र. नाव साहेबी असलं तरी काम साधं होतं. तारेतून वीज आली की माझी पितळी पट्टी खाली आपटायची, वीज गेली की वर. कड आणि कट्ट! दोन्हींत अंतर थोडं असलं तर टिंब, जास्त असलं तर रेघ. टिंब-रेघांची अक्षरं व्हायची आणि अक्षरांची तार. नागपूरच्या तारघरात मी कितीतरी वर्षं लग्नं, बदल्या आणि मरणं सांगितली. आवाज घुमावा म्हणून माझ्यामागे तंबाखूचा रिकामा डबा ठेवत. मोठी ऐट होती माझी, खोटं कशाला बोलू?

पुढे मी भंगारात निघालो. लिलावातून मला उचललं ते निवृत्त तारमास्तर नानाजींनी. नागपुरातच जरीपटका भागातल्या त्यांच्या घरी मी डब्यासकट फळीवर बसलो. त्यांच्या पत्नी तुळसाबाई दर दिवाळीला मला चिंचेनं घासायच्या. मी लखलखत होतो, पण मुका होतो.

मग एके दिवशी सिंधू आली. शेजारच्या गल्लीतली, शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. घरात बसून बिनतारी यंत्रानं दूरदेशीच्या माणसांशी बोलता येतं, असं तिनं मासिकात वाचलं होतं. त्याला परवाना लागतो, परवान्याला परीक्षा आणि परीक्षेला मोर्स, म्हणजे माझीच टिंब-रेघांची भाषा. यंत्र घेणं तिच्या आवाक्याबाहेरचं. पण शिकवायला नानाजी होते, मी होतो. लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याला ड्रॉवरची मूठ बसवून तिनं स्वतःच खटका केला; तो दाबला-सोडला की मी पुन्हा कडकट्ट बोलू लागलो. रोज नळ यायच्या आधी अर्धा तास आमची शिकवणी चाले. आठ महिन्यांत ती मिनिटाला बारा शब्द लिहून घेऊ लागली. परीक्षेला पाचच पुरत. मी तर तिला पास करूनच टाकलं होतं.

परीक्षा देऊन ती आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काहून वं, काय झालं?" तुळसाबाईंनी विचारलं.

"तिथं कडकट्ट नव्हतंच जी. नुसती शिट्टी वाजून राहिली होती. मले एक अक्षर समजलं नाही. कागद कोराच दिला. आता नाही जात मी."

महिनाभर ती फिरकली नाही. मला माझीच लाज वाटत होती. नानाजींची सारी नोकरी तारेवर झालेली. बिनतारीची भाषा शिट्टीची असते हे त्यांना ऐकून ठाऊक होतं, पण त्यानं एवढा फरक पडेल हे डोक्यातच आलं नाही. शेवटी ते ओळखीच्या एका बिनतारी ऑपरेटरकडे गेले, कानाला हेडफोन लावून तासभर बसले आणि येताना सिंधूला घेऊनच आले.

"पोरी, अख्खी जिंदगी तार घेतली मी, आन् आज मले बी एक अक्षर आलं नाही. आता आपण दोघंही पहिलीत."

सिंधूला हसू फुटलं. पण सराव कशावर करायचा? नानाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि पेचकस हातात घेतला.

"अवो, चांगल्या वस्तूले काहून मोडून राहिले?" तुळसाबाई म्हणाल्या.

"मोडत नाही. नवी बोली शिकवून राहिलो त्याले."

त्यांनी माझ्या पट्टीला पत्र्याचा तुकडा जोडला, तारा फिरवल्या. आता पट्टी खाली गेली की तिची वीज तुटे, वर आली की जुळे. खटका दाबला की मी सलग थरथरायचो, भुंग्यासारखा. टिंबाला थोडी भुणभुण, रेघेला जास्त. माझं कडकट्ट त्या दिवशी गेलं. फार वाईट वाटलं मला.

पहिल्या दिवशी दहातली तीन अक्षरं सिंधूला आली, नानाजींना दोन. पण शिकवणी चुकली नाही. दुसऱ्या खेपेला सिंधू पास झाली. परवान्याला वर्ष लागलं. तोवर तिनं मोडक्या रेडिओंचे भाग जमवून यंत्र उभं केलं. एका रविवारी सकाळी तिच्या हाकेला पहिलं उत्तर आलं. हेडफोनचा एक कान तिच्याकडे, एक नानाजींकडे. दोघंही लिहीत होते. लिहून झाल्यावर तिनं त्यांचा कागद ओढून पाहिला. दोन्हींवर एकच नाव होतं: कोलंबो.

"आता दुसरीत गेलो," नानाजी म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण नुसत्या घासूनपुसून फळीवर ठेवू नका. त्यांना काम द्या, आणि गरज पडली तर पेचकस लावायलाही कचरू नका. एखाद्या दिवशी तुमचाही कागद कोरा राहील. तेव्हा महिनाभर रुसून बसू नका. सिंधू आता मुलांना शिकवते. त्यांची चुकलेली अक्षरं मी भुणभुणत राहतो, बरोबर येईपर्यंत.